सात वर्षांचा बाप

सोल्मेच्या ब्योन घराण्याची वंशावळ छत्तीस खंडांची होती. ती प्रत्येक घरी काचेच्या कपाटात असे आणि कुणी वाचत नसे. सगळा मजकूर जुन्या चिनी अक्षरांत, आणि ती अक्षरं येणारी माणसं घराण्यात आता चारच उरली होती. त्यांतली तिघं अंथरुणाला खिळलेली. चौथ्या बोक-इम बाई.

बाई अडुसष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं. मुलांच्या बाबतीत त्यांचा धीर कधी सुटला नाही. एकच बेरीज सतराव्यांदा समजावतानाही त्यांचा आवाज चढत नसे. मोठ्यांच्या बाबतीत मात्र त्यांना धीर नव्हता, आणि तो असावा असं त्यांना वाटतही नसे. मूल चुकतं ते येत नसतं म्हणून, मोठा चुकतो तो समजून घ्यायचं नसतं म्हणून, असं त्यांचं मत होतं. आन्दोंग शहराच्या बाजारात, शेवयांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर भरणारी घराण्याची सभा पाहिल्यापासून ते पक्कं झालं होतं.

सभेत अकरा पुरुष. अध्यक्ष छी-दोक एक्याऐंशी वर्षांचे; ते बसल्या जागी झोपत आणि शिक्का मारायच्या वेळी उठत. खरी सत्ता उन-ग्यूची. उन-ग्यू थोरल्या पातीचा, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेचा, सव्विसाव्या पिढीचा वारस, वय अठ्ठावन्न. मूळ पुरुषाचा थोरला, त्याचा थोरला, त्याचा थोरला, अशी सरळ रेघ आपल्यापाशी येऊन थांबते, हे त्याचं आयुष्यातलं एकमेव कर्तृत्व, आणि तेही त्यानं केलेलं नव्हतं. बाईंनी पहिल्या वर्षी ज्या सहावीला शिकवलं त्या वर्गात तो होता. तेव्हाही त्याला त्रैराशिक येत नसे आणि तेव्हाही तो पहिल्या बाकावर बसे.

वंशावळ कॉम्प्युटरवर घ्यायची ठरली. एका कंपनीनं नमुना दाखवला, आकडा सांगितला, आणि सभेला एकदम आठवलं की बोक-इम बाई म्हणजे आपल्याच घराण्याची लेक. शाळेतल्या शेवटच्या दहा वर्षांत पटावरची मुलं, पालक, लसी, वजनं असं सगळं त्यांनी स्वतः कॉम्प्युटरवर बांधलं होतं. शिवाय जुनी अक्षरं येतात. शिवाय फुकट. बाईंचं स्वतःचं नाव त्या छत्तीस खंडांत नव्हतं. वडिलांच्या पानावर मुलीच्या जागी जावयाचं नाव होतं; मुलींची नावं यायची होती ती या नव्या पुस्तकापासून. तरी त्या हो म्हणाल्या. पसारा नीट लावायला त्यांना आवडे.

पहिल्याच बैठकीला त्यांनी फळा मागवला. प्रत्येक माणसाची एक नोंद, त्यांनी सांगितलं, आणि प्रत्येक नोंदीला एक क्रमांक; जन्मभर तोच, मेल्यावरही तोच. आता बाप आणि मूल जोडायचे कसे? बापाच्या पानावर मुलांची यादी करत बसायचं नाही. कुणाला एक मूल, कुणाला अकरा, रकाने आखणार किती? उलट करायचं. मुलाच्या पानावर बापाचा क्रमांक लिहायचा. मग मुलं कितीही असोत, प्रत्येक जण आपापल्या बापाचं बोट धरून उभा. कुणाकुणानं आपलं बोट धरलंय हे बापानं लक्षात ठेवायला नको, ते कॉम्प्युटर मोजून सांगतो. आणि नावानं मुळीच जोडायचं नाही, कारण एका पिढीतल्या सगळ्यांच्या नावात एक अक्षर समान असतं, त्यामुळे एकाच नावाचे तेवीस तेवीस जण निघतात.

तिसरीच्या मुलांना हे दहा मिनिटांत कळलं असतं. सभेनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. एक नंबर कुणाला?

त्यावर दोन बैठका गेल्या. थोरल्या पातीला पहिले हजार क्रमांक राखून ठेवावेत असा ठराव आला. मधल्या पातीनं अन्नत्याग करायची धमकी दिली आणि खालून शेवया मागवल्या. शेवटी बाईंनी कुणाला न विचारता आठ आकडी, कसलाही क्रम नसलेले क्रमांक वाटून टाकले. सगळे सारखेच नाराज झाले आणि काम सुरू झालं.

खरी अडचण दत्तकांची होती. ज्याला मुलगा नाही त्याच्या घरी भावकीतला मुलगा द्यायचा, म्हणजे पितरांपुढे वाडगा ठेवायला कुणी तरी राहतं; कधी कधी तर माणूस मेल्यावर त्याच्या नावानं दत्तक घेत. जुन्या पुस्तकात असा मुलगा दोनदा यायचा. जन्मदात्याच्या पानावर, ‘दुसरा मुलगा, अमक्या घरी दिला’. दत्तक बापाच्या पानावर, ‘दत्तक, जन्मदाता तमका’. असे चारशेच्या वर. कंपनीच्या नमुन्यात बापाचा रकाना एकच होता, आणि एका रकान्यात दोन बाप मावत नाहीत. म्हणून बाईंनी माणसांच्या तक्त्याशेजारी नात्यांचा वेगळा तक्ता केला. त्याच्या प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी: मुलाचा क्रमांक, बापाचा क्रमांक, आणि नातं कोणत्या प्रकारचं, जन्माचं की दत्तकाचं. ज्याला दोन बाप त्याच्या दोन ओळी. जन्माच्या नात्याला त्यांनी तपासणी लावली: बाप मुलापेक्षा निदान चौदा वर्षांनी मोठा हवा, आणि मुलाच्या जन्माआधी दहा महिन्यांपर्यंत तरी जिवंत हवा. सगळे खंड भरून होईपर्यंत ही तपासणी त्यांनी बंद ठेवली होती, कारण बाप दुसऱ्या खंडात आणि मुलगा एकोणतिसाव्यात असा कारभार होता.

एकोणीस हजार माणसं भरायला चौदा महिने लागले. तेवढ्यात हो-योलचा अर्ज आला.

हो-योल धाकट्या पातीचा, वय एकेचाळीस. घरोघरी जाऊन बॉयलर दुरुस्त करायचा. त्यानं आणि त्याच्या बायकोनं अनाथालयातून दोन वर्षांची मुलगी आणली होती, सोदाम. ती आता सात वर्षांची झाली होती. सरकारी दप्तरात ती त्यांची मुलगी होती. घराण्याच्या पुस्तकात नव्हती. गेल्या शरदात पूर्वजांच्या टेकडीवर मोठं श्राद्ध झालं, तेव्हा रीतीप्रमाणे यादी वाचून लहानथोर प्रत्येकाला तांदळाच्या वड्यांची पुडी देण्यात आली. पुडीवर नाव लिहिलेलं असतं. सोदाम शेवटच्या नावापर्यंत दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. हो-योलनं स्वतःची पुडी तिला दिली तर ती घेईना. यावर तुमचं नाव आहे, म्हणाली. बाई तेव्हा तिथेच, आठ पावलांवर उभ्या होत्या. यंदाची यादी त्यांच्या प्रोग्राममधून निघणार होती, आणि नवव्या महिन्याच्या अखेरीस पुस्तक बंद होऊन छापायला जाणार होतं. पुढचं पुस्तक तीस वर्षांनी. म्हणजे आता नाही तर त्या मुलीला पोरंबाळं होईपर्यंत ती या घराण्यात नाहीच.

अर्ज सभेपुढे आला. त्याला विरोध का झाला हे बाईंना लगेच कळलं. थोरल्या पातीत मुलं लवकर होत आली, धाकट्या पातीत उशिरा. त्यामुळे बॉयलरवाला हो-योल पिढीनं उन-ग्यूच्या दोन पायऱ्या वर होता. अठ्ठावन्न वर्षांच्या वारसाला त्याला ‘आजोबा’ म्हणावं लागे. तो हा शब्द असा उच्चारी, की जणू दातात अडकलेला माशाचा काटा काढतोय. आता ही पोरगी पुस्तकात आली म्हणजे ती त्याची आत्या झाली. श्राद्धाला ती त्याच्या पुढच्या रांगेत उभी राहणार.

“आजोबा,” उन-ग्यू हो-योलला म्हणाला, “तुमचं मन मोठं आहे, कोण नाही म्हणतं? पण ही वंशावळ आहे, धर्मशाळा नाही. रक्त कुठलं ते कळायला नको का?”

“मला तरी माझं कुठलं ते काय ठाऊक?” हो-योल म्हणाला. “पुस्तकात लिहिलंय म्हणून मानायचं.”

“तुमच्या पातीला ठाऊक नसेल.”

दोघे तिघे हसले. हो-योल टोपी हातात फिरवत बसून राहिला. बाईंनी विचारलं की चारशे दत्तक आधीच पुस्तकात आहेत, त्यांचं काय करायचं. उन-ग्यूनं उत्तर तयार ठेवलं होतं. ते सगळे घराण्यातलेच होते, इकडून तिकडे गेले, रक्त तेच राहिलं. मग त्यानं नियम सांगितला. दत्तकाचं नातं नोंदवायचं असेल तर त्या मुलाचं जन्माचं नातंही याच पुस्तकात हवं आणि ते तपासणीला उतरलेलं हवं. नसेल तर ती नोंद आणि तिच्याखालची सगळी माणसं पुस्तकाबाहेर.

“हा नियम सगळ्यांना?” बाईंनी विचारलं.

“सगळ्यांना.”

“कधीपासून?”

“पहिल्या पिढीपासून, बाई. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही.”

लिहून द्या, बाई म्हणाल्या. त्यानं कुंचल्यानं, झोकदार अक्षरात लिहून दिलं. अकराजणांनी शिक्के मारले; छी-दोकांना त्यासाठी हलवून उठवावं लागलं. हो-योल जिना उतरताना बाईंना म्हणाला की जाऊ द्या, तुम्ही तरी विचारलंत. बाईंना त्याचा राग आला. वाकून वाकून या माणसाला सरळ उभं राहणं कसं असतं तेच आठवत नव्हतं. आणि नियम कॉम्प्युटरवर चढवायचा होता तो त्यांनीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो चढवला आणि तपासणी सुरू केली. एकोणीस हजारांतल्या सात ओळी अडकल्या. पाच त्यांच्या स्वतःच्या बोटांच्या चुका निघाल्या, त्या त्यांनी कपाळाला आठ्या घालून सुधारल्या. एक जुन्या छपाईची चूक होती, आधीच्या आवृत्तीवरून ती सुटली. सातवी सुटेना.

सातवी ओळ बाविसाव्या पिढीतल्या सोक-रिनची होती. थोरल्या पातीच्या घरी मुलगा नव्हता म्हणून त्याला दत्तक घेतलेलं. जन्मदाता, तिसऱ्या पातीचा यू-छाल. दुसऱ्या खंडात तसं स्वच्छ लिहिलं होतं. बाईंनी एकोणतिसावा खंड उघडला. यू-छालच्या पानावर दोन ओळी होत्या. सातव्या वर्षी देवी येऊन वारला, बापाच्या थडग्याच्या पायथ्याशी पुरला. सोक-रिनचा जन्म त्यानंतर अकरा वर्षांनी.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कोणे एके काळी थोरल्या पातीच्या घरात कुणी तरी कुठून तरी एक मूल आणलं असणार. त्याला बाप दाखवायला हवा होता, म्हणून तक्रार करायला येणार नाही असा एक मेलेला ब्योन शोधला. पण त्या ब्योनाचं वय बघण्याचे कष्ट घेतले नाहीत. खोटं बोलायचं तर निदान वजाबाकी तरी यायला हवी. ते अज्ञान घराण्यात वारशानं चालत आलं असावं.

सोक-रिन हा उन-ग्यूचा खापरपणजोबा. नियमाप्रमाणे त्याची नोंद सुटली आणि तिच्याखाली लोंबणारी तीनशे बारा माणसं झाडावरून गळून पडली. त्यांत उन-ग्यू होता, छी-दोक होते आणि सभेतले आणखी सहा जण. सोक-रिनच्या वरची जागा कोरी. बाईंनी ते पान छापलं आणि रीतीप्रमाणे सभेच्या फलकावर लावलं.

उन-ग्यू दुपारीच आला, एकटा. मशीन बिघडलंय, असं त्यानं उभ्याउभ्या सांगितलं. बाईंनी दोन्ही खंड त्याच्यापुढे उघडून ठेवले आणि ओळीवर बोट ठेवलं. त्याला अक्षरं येत नव्हती. त्यांनी वाचून दाखवली, वर्गात धडा वाचावा तशी, सावकाश.

मग वर्षांची चूक असेल, तो म्हणाला. जुन्या पुस्तकात वर्ष आकड्यात नसतं, त्याचं नाव असतं, आणि साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येतं; कुणी तरी चुकीच्या फेऱ्यातलं धरलं असेल. बाईंना किंचित बरं वाटलं. निदान प्रश्न तरी बरोबर होता. त्यांनी दोन्ही फेरे आधीच करून पाहिले होते. यू-छालला साठ वर्षं मागे नेला तर तो स्वतःच्या बापापेक्षा एकतीस वर्षांनी मोठा होतो. सोक-रिनला साठ वर्षं पुढे नेला तर त्याच्या आधी त्याचा मुलगा जन्मतो. शिवाय फेरा कुठलाही धरा, यू-छाल वारतो तो सातव्याच वर्षी.

“दुसरा कुणी बाप टाका,” उन-ग्यू म्हणाला. “तिसऱ्या पातीत थोडी का माणसं आहेत?”

“कुणाला टाकू?”

“कुणालाही. वय जुळणारा.”

“रक्त कळायला नको का?”

उन-ग्यूनं दोन्ही खंड मिटले. खालून शेवया उकळल्याचा वास येत होता. मग त्यानं आवाज खाली आणला. त्याचा मुलगा पुढल्या वसंतात लग्न करणार, व्याह्यांनी वंशावळीची प्रत मागितली आहे. बाईंनी त्याला लहानपणापासून पाहिलंय. आणि शेवटी हा एवढासा रकाना, कुणाचं काय जातं?

“उन-ग्यू,” बाई म्हणाल्या. चार माणसांत त्या त्याला ‘थोरले’ म्हणत, आता खोलीत कुणी नव्हतं. “गेल्या वर्षी टेकडीवर एक पोर हात पुढे करून उभं होतं. तेव्हा तू काय करत होतास?”

त्याला आठवेना. बाईंनीच सांगितलं की तो वाडग्यांची ओळ थोरल्या पातीकडून सुरू झाली नाही म्हणून आचाऱ्याला झापत होता. मग त्या कामाचं बोलल्या. खोटा बाप आपण घालणार नाही. नियम पाळला तर त्याची पाती बाहेर. तिसरा रस्ता एकच आहे. नात्याच्या रकान्यात आज दोन प्रकार आहेत, जन्माचं आणि दत्तकाचं. सभेनं ठरवलं तर तिसरा घालता येईल, ‘वाढवलेला’. त्याला जन्मदाता लागत नाही. वाढवणाऱ्याचा क्रमांक तेवढा लागतो.

उन-ग्यूचा चेहरा उजळला. “घाला मग. सोक-रिन आजोबांपुरता घाला.”

“कुणापुरता म्हणून काही घालता येत नाही. प्रकार आहे तर सगळ्यांना आहे, नाही तर कुणालाच नाही. मशीनला तोंड बघता येत नाही.”

ते कळायला त्याला बराच वेळ लागला. बाईंनी घाई केली नाही. त्रैराशिकाच्या वेळीही एवढाच लागला होता. शेवटी तो म्हणाला, म्हणजे ती पोरगी माझी आत्या. आणि मी तिला आत्या म्हणायचं. बाई म्हणाल्या, की नाही तर तू तिचा कुणीच नाहीस, आणि माझाही, आणि इथल्या कुणाचाच. तुला जे झेपेल ते सांग.

दोन दिवसांनी बैठक झाली. अकरा मिनिटांत ठराव मंजूर. सोक-रिनचं नाव कुणी काढलं नाही. बदलत्या काळाची जाण ठेवून आणि अनाथ बालकांविषयीच्या कळवळ्यानं थोरल्या पातीच्या वारसांनी हा उदार प्रस्ताव मांडला, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं आणि ज्या हातांनी आधीच्या नियमावर शिक्कामोर्तब केलं त्याच हातांनी यावरही केलं. फलकावरचं पान आधीच कुणी तरी फाडलं होतं. नात्याचा प्रकार छापील पुस्तकात दाखवू नये अशी एक उपसूचना आली. बाई म्हणाल्या, छापू नका म्हणता तर छापणार नाही, पण काढणारही नाही; बघायचं असेल त्याला मशीनमध्ये दिसेल. सभेतलं कुणी मशीनमध्ये कधीच बघत नसे, म्हणून सगळ्यांचं समाधान झालं.

हो-योल वाळवलेल्या पर्सिमन फळांची माळ घेऊन उन-ग्यूच्या घरी आभार मानायला गेला. उन-ग्यूनं ती ठेवून घेतली. हे कळल्यावर बाईंनी त्या दोघांपैकी कुणावर जास्त चिडायचं याचा थोडा विचार केला आणि कामाला लागल्या.

शनिवारी हो-योल सोदामला कचेरीत घेऊन आला आणि तिला सोडून खाली कुणाचा तरी बॉयलर बघायला गेला. बाईंनी तिला उंच खुर्चीवर बसवलं. काय करणार आहोत ते सांगितलं: तुझी नोंद झाली, तुझा क्रमांक पडला, आता तुला तुझ्या बाबांचं बोट धरायला लावायचं. पोरीनं एकदा ऐकलं आणि तिला समजलं. अकराजणांना जे चौदा महिन्यांत समजलं नव्हतं ते.

“‘वाढवलेला’ म्हणजे मी एकटीच?” तिनं पडदा बघून विचारलं.

बाईंनी यादी काढून दाखवली. आधी एक ओळ होती, आता दोन होणार होत्या. सोक-रिन, म्हणाल्या, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा.

“त्याला कुठून आणलं?”

“कुणी लिहून ठेवलं नाही.”

“का?”

“लाज वाटली असेल.”

“कशाची?”

चाळीस वर्षांत बाईंनी मुलांच्या प्रश्नाला टाळाटाळ केली नव्हती. त्यांनी विचार केला. मोठ्या माणसांना भलत्याच गोष्टींची वाटते, त्या म्हणाल्या, आणि ज्यांची वाटायला हवी त्यांची वाटत नाही. सोदामनं मान हलवली, ही माहिती तिला नवी नसल्यासारखी.

बाईंनी हो-योलच्या क्रमांकाचं कार्ड पडद्याला टेकवून ठेवलं, क्रमांक भरला आणि कळ दाबली. बापाच्या जागी नाव उमटलं. बाई चष्मा काढून डोळे चोळत होत्या.

“हे माझे बाबा नाहीत,” सोदाम म्हणाली.

बाईंनी चष्मा लावला. पडद्यावर हो-योप होता, मधल्या पातीचा, चाळीस वर्षांपूर्वी वारलेला. कार्डावर शेवटून तिसरा आकडा आठ होता, त्यांनी तीन मारला होता. त्यांनी स्वतःला उद्देशून एक शब्द वापरला, जो एरवी सभेसाठी राखलेला असे, आणि आकडा बदलला.

“आता एकेक आकडा वाच,” त्या म्हणाल्या. “कार्डावरचा आधी, मग पडद्यावरचा.”

पोरीनं आठही आकडे वाचले, बोट ठेवून, न अडखळता. मग नाव वाचलं.

“आता?”

“आता आहेत,” सोदाम म्हणाली.